विश्वास सोडून बाकी सगळं

आत्या, शेवटचे पाहुणे काल दुपारच्या आष्टीच्या गाडीनं गेले. आज घर आवरलं. तुमची बाज उन्हात घातली, गोधड्या धुतल्या, आणि मग वाटलं, आता रडायला हरकत नाही. बसलेही रडायला. पण रडू काही धड येईना. लांबवरून डोक्यावर आणलेलं ओझं उतरवून ठेवल्यावर मान बराच वेळ हलकी हलकी लागते, तसं काहीतरी होत होतं. मला त्याची लाज वाटली. सासू जाऊन पंधरवडा झाला नाही आणि सून म्हणते मोकळं वाटतंय, हे कुणाला सांगायचं? तुम्हाला सांगितलं असतं तर मिश्रीचं बोट दातावरून न काढता म्हणाला असतात, "मंग बरंय की. उगं नाटकं कावून करायची?"

म्हणून तुम्हालाच सांगते.

एक तर तुमचं जाणं सोपं झालं. सकाळचा चहा घेतलात, शेळीला पाला टाकलात, आणि वसरीच्या खांबाला टेकून बसलात त्या बसलातच. तुमच्या धाकट्या सुनेला, पूजाला वाटलं, डोळा लागला. दवाखान्याची पायरी नाही, चमच्यानं पाणी नाही, कुणाच्या हातचं उठणं-बसणं नाही. तुम्हाला त्याचीच भीती होती. दुसरं असं, की तुमच्या-माझ्या पोटात काही राहिलं नाही. लग्न होऊन आल्यापासून आपण जे भांडलो ते तोंडावर भांडलो, आणि संध्याकाळी एकाच तव्यावरच्या भाकरी खाल्ल्या. एकच भांडण अर्धं राहिलं होतं. अंकुशच्या बापाचं.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगावंसं वाटतंय.

अंकुश माझा पाठचा भाऊ. आमचं गाव वडवणीच्या बाजूला. दसरा झाला की आई-अण्णा कोयता घेऊन ऊसतोडीला खाली कोल्हापूरकडं जायचे ते पाडव्यालाच परत यायचे. मी लग्न होऊन इथं कड्याला, तुमच्या घरी आले, आणि अंकुश शाळेसाठी म्हणून चुलत्याच्या घरी राहिला. राहिला म्हणजे जेवायला तिथं आणि बाकी सगळा वेळ रस्त्यावर. अकरावीत असताना दोन मोठ्या पोरांच्या नादी लागला. बाजाराच्या दिवशी मोटारसायकली उचलायच्या आणि लांब नेऊन विकायच्या, असा त्यांचा धंदा. शेवटच्या वेळी गाडीच्या मालकानं मागनं गाडी धरली. या पोरांनी थांबवली नाही. माणूस फरफटत गेला, मांडीचं हाड मोडलं. गाडी अंकुश चालवत होता.

त्या दोघांना जेल झाली. हा अठराच्या आतला, म्हणून बाल न्याय मंडळापुढं उभा राहिला आणि पुढं सुधारगृहात गेला. अण्णा तेव्हा उसाच्या फडात होते. फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला एकच लेकरू हाय. सुरेखा." त्यानंतर त्यांनी अंकुशचं नाव घेतलं नाही. आई एकदा त्यांना चोरून अंकुशला भेटून आली, ती चार दिवस जेवली नाही.

सुटायची वेळ आली तेव्हा मंडळानं विचारलं, याला घरी कोण नेणार? अण्णांनी फोन उचलला नाही. चुलत्यानं उचलला आणि नाही म्हणून ठेवला. मी म्हणाले, मी नेते. घरात कुणाला विचारलं नव्हतं. नवऱ्याला रात्री सांगू, सासूला सावकाश सांगू, असं मनात होतं. त्याआधीच शेख मॅडम दारात आल्या.

मॅडम म्हणजे सुटून येणाऱ्या पोरांवर देखरेख ठेवणाऱ्या परिवीक्षा अधिकारी. बीडहून एसटीनं आल्या होत्या, पदर डोक्यावर, हातात पाण्याची बाटली. तुम्ही वसरीत ज्वारी पाखडत होतात. त्यांना वाटलं, तुम्हाला माहीत आहे. त्या बोलत गेल्या आणि तुमच्या हातातलं सूप थांबलं. त्यांचं सगळं बोलणं होऊ दिलंत, पाणी दिलंत, आणि मग म्हणालात, "बाई, आमच्या घरात लगीन काढायचंय. बापूचं. असल्या पोराच्या घरात पोरगी कोण देईल?"

मला वाटलं, मॅडम आता कायद्याचं काही सांगतील. त्या म्हणाल्या, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि म्हणूनच मला एकट्या सुरेखाची सही नको आहे. "या घरात जेवढी माणसं जेवतात, तेवढ्यांशी मला बोलायचंय. पोरगं एकट्या बहिणीच्या जिवावर उभं राहत नाही. ती सकाळी अंगणवाडीत गेली की त्याच्याकडं कोण बघणार?" रविवारी परत येते म्हणाल्या आणि गेल्या.

रविवारपर्यंत आपलं जे भांडण झालं ते गल्लीनं ऐकलं असेल. तुम्ही म्हणालात, मी पदरात निखारा बांधून आणतेय. मी म्हणाले, तो माझा भाऊ आहे. तुम्ही म्हणालात, बापू माझा लेक हाय. दोघीही खरंच बोलत होतो, त्यामुळं भांडण मिटायला जागाच नव्हती. यांनी मध्ये पडायचा प्रयत्न केला, तर आपण दोघींनी मिळून त्यांनाच गप्प केलं.

रविवारी मॅडम आल्या. सगळ्यांना वसरीत बसवलं आणि प्रत्येकाला एकच विचारलं: हा पोरगा आला तर तुम्ही त्याला काय देऊ शकता, आणि काय देऊ शकत नाही? खोटं बोलू नका म्हणाल्या, नाही म्हणालात तरी चालेल. हे म्हणाले, कारखान्याचा सीझन आहे, कुठं ना कुठं कामाला लावून देईन, पण त्याच्या मागं फिरायला मला वेळ नाही. बापू खाली बघत होता. तसाच म्हणाला, "माझ्या गाडीला हात लावायचा न्हाई." मॅडमनी तेही लिहून घेतलं. मग तुमच्याकडं वळल्या.

"भाकरी देईन," तुम्ही म्हणालात. "आंथरूण देईन. दुखलं-खुपलं तर दवाखान्यात नेईन. पण इश्वास न्हाई द्यायची. इश्वास सोडून बाकी सगळं देईन."

मी मान खाली घातली. मॅडम मात्र तुमच्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आजी, मी पुष्कळ घरं बघते. तिथं उलटं असतं. विश्वास आहे म्हणतात आणि भाकरी देत नाहीत."

त्या दिवशी तुम्ही कशामुळं होकार दिलात, हे मला कधी कळलं नाही. पुढं एकदा विचारलं तर म्हणालात, "ती बाई दोनदा आली उन्हाची. तिला तिसऱ्यांदा कावून आणायचं?" एवढंच कारण असेल, हे मला अजून पटत नाही. पण दुसरं काही तुम्ही सांगितलं नाहीत.

आम्ही दोघं जाऊन त्याला घेऊन आलो. मान लांबलेली, गालाची हाडं वर आलेली, हातात एक पिशवी. दारात तुम्ही भाकरीचा तुकडा ओवाळून टाकलात. तो पाया पडायला वाकला तर पाय मागं घेतलात. "पाया पडून काय व्हत न्हाई. हातपाय धू."

आणि मग तुमचा पहारा सुरू झाला. बापूच्या गाडीची चावी तुमच्या चंचीत, सुपारी-कातासंगं. तुम्ही शेळ्या घेऊन निघालात की अंकुश बरोबर. बाजाराला निघालात की पिशवी त्याच्या हातात. दळणाला, रेशनला, कुणाच्या मयतीला, कुणाच्या बारशाला, सगळीकडं तो. बायका हसायच्या, म्हातारीला शेपूट फुटलं म्हणायच्या. मला त्याची कीव यायची. एक दिवस तुम्हाला म्हणालेच, ही पण कैदच झाली की आत्या. तुम्ही म्हणालात, "कैदंत एवढं कालवण मिळतं का?"

अंकुशला विचारलं, तर तो चिडला नव्हता. म्हणाला, "ताई, आजी इचारती तरी. कुटं चालला, कावून चालला, कवा येणार. तिकडं नुसते मोजायचे." त्यानंतर मी त्याची कीव करणं सोडलं.

त्या दिवसांतलं एक मात्र मला कळलेलं नाही. दुपारी भाकरी घेऊन मी रानात आले होते. तुम्ही दोघं बाभळीखाली बसला होतात. लांबूनच दिसलं, की तुम्ही काहीतरी विचारलं आणि तो बोलायला लागला. हातांनी दाखवत होता, गाडी कशी वळली, माणूस कसा पडला. मी त्याला ते कधी विचारलं नव्हतं. मंडळापुढं सगळं बोलून झालंय, आता पुन्हा कशाला, असं मला वाटायचं. तुम्ही मान हलवत ऐकत होतात. मी भाकरी तिथंच बांधावर ठेवून मागं फिरले. पुढं तुम्ही दोघं बीडला जाऊन आलात, एकदा नाही, दोनदा. दवाखान्याचं काम आहे म्हणालात. माझी खात्री आहे, तुम्ही मांडी मोडलेल्या त्या माणसाच्या घरी गेला होतात. तुम्ही गेल्यावर परवा मी अंकुशला विचारलं. म्हणाला, "आजीनं सांगू नको म्हणलंय." मग मीही विचारायचं सोडलं. तुमच्या दोघांचं ते तुमच्या दोघांचंच राहू दे.

बापूचं पहिलं स्थळ आलं ते आठवतं ना? आष्टीकडची माणसं, घर चांगलं, पोरगी डी.एड. झालेली. आजकाल आपल्याकडं पोरगी मिळणं म्हणजे नवससायास. मी म्हणाले, एवढा एक दिवस अंकुशला वडवणीला पाठवू. मी काही वाईट बोलत नव्हते. मला बापूचंही बघायचं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत. "पाव्हण्यांना पाणी त्योच देईल." आणि त्यानं पाणी दिलं, पोह्यांच्या ताटल्या दिल्या, आणि तुम्ही पाहुण्यांना सरळ सांगितलंत, की हा सुनेचा भाऊ, चोरीच्या भानगडीत व्हता, सुटून आलाय, आता आमच्याच घरी ऱ्हातो. पाहुण्यांनी पोहे संपवले, चहा घेतला, पोरीचा मामा कळवतो म्हणाला. कळवलं नाही.

बापू तुमच्याशी बोलायचा बंद झाला. जेवायला यायचा, ताट घेऊन गोठ्यात बसायचा, झोपायला शेतात. अंकुश मला म्हणाला, "ताई, मी जातो कुटंतरी." मी तुमच्यावर धावून आले. एवढा खरेपणा कुणी सांगितला होता, म्हणाले, लग्न झाल्यावर हळूहळू कळलं असतं. तुम्ही शांत होतात. म्हणालात, "मागनं कळलं असतं तर पोरगी माहेरी गेली असती. आता कळलं तर पावणे गेले. पावणे गेलेले परवडले." मला ते तेव्हा पटलं नाही. पूजा घरात आली आणि तिनं अंकुशच्या हातात पहिल्यांदा ताट दिलं, तेव्हा पटलं. तिच्या वडलांनाही तुम्ही तेच सांगितलं होतंत, त्याच शब्दांत. त्यांनी एवढंच विचारलं होतं, पोरगं आता करतं काय?

पण त्याच्याआधी तो बाजारचा दिवस.

शेजारच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराची मोटारसायकल दुपारी दारातून गेली. ऊन कलतीला लागलं होतं. पाच-सात जण आपल्या अंगणात आले. हे कारखान्यात, बापू गोठ्यात. मी चुलीपुढून उठेपर्यंत त्यातल्या एकानं अंकुशची कॉलर धरली होती. अंकुश काहीच बोलत नव्हता. क्षणभर मलाही वाटलं, यानं केलं की काय. तुम्ही बाजेवरून उठलात. घाई नाही, आरडाओरडा नाही. पदर खोचलात आणि त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिलात.

"सकाळधरनं ह्यो माझ्याबरोबर हाय," तुम्ही म्हणालात. "बाजारात व्हता, माझी पिशवी घिऊन. मंग रानात. मंग हितं. मी ह्याच्यावर इश्वास ठेवला म्हणून न्हाई सांगत. ठेवला न्हाई, म्हणून सांगते. माझ्या नजरंखालनं त्यो हलला न्हाई."

असलं उत्तर त्यांनी कधी ऐकलं नसणार. तेवढ्यात बापू गोठ्यातून आला. हाताला शेण. मी घाबरले, म्हटलं आता हा काय बोलतोय. त्यानं त्या माणसाचा हात धरला आणि कॉलरवरून काढला. "आई बोलली ना? मंग झालं," म्हणाला आणि अंकुशच्या शेजारी उभा राहिला. महिनाभरात तो तुमच्याबद्दल पहिल्यांदा काहीतरी बोलला होता, आणि ते असं.

दुसऱ्या दिवशी गाडी सापडली. दुकानदाराचाच मेहुणा न सांगता जामखेडला घेऊन गेला होता. दुकानदार बिचारा येऊन हात जोडून उभा राहिला. तुम्ही त्याला बसवलंत, चहा पाजलात, त्याच्या मेहुण्याच्या पोराबाळांची चौकशी केलीत. तो गेल्यावर चंची सोडलीत, चावी काढलीत आणि अंकुशपुढं धरलीत. दळण आणायचं होतं. अंकुश चावीकडं बघतच राहिला. बापू दारात दाढी करत होता. आरशातून बघून म्हणाला, "पेट्रोल बघ किती हाय."

पुढच्या खेपेला शेख मॅडम आल्या तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, ते लिव्हलं व्हतं ना तुमी, इश्वासाचं, ते खोडून टाका. मॅडमनी तुमच्यासमोर रेघ मारली. पेन खाली ठेवून त्या चष्मा पुसत बसल्या, ते मी बघितलं.

मग हमीदभाईंच्या गॅरेजचं झालं. उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करायला, वेल्डिंगला त्यांना माणूस पाहिजे होता. अंकुश सुधारगृहात थोडं वेल्डिंग शिकला होता. हमीदभाई तुम्हाला म्हणाले, चाची, तुम बोले तो रखता. तुम्ही म्हणालात, माझ्या बोलण्यावर नको, आठ दिवस काम बघा, मग ठेवा. त्यांनी ठेवला. सीझनला पहाटेपासून ट्रॉल्या रांगेला लागतात, त्याला मान वर करायला वेळ नसतो. आता त्याच्या हातावर ठिणग्यांचे डाग आहेत, आणि गॅरेजमधली माणसं त्याला नावानं हाक मारतात, पूर्वी काय म्हणायची ते तुम्हाला माहीत आहे.

राहिले अण्णा. मॅडम प्रत्येक खेपेला विचारायच्या, वडील? मी मान हलवायची. त्या म्हणायच्या, बाकी सगळं घर त्याच्या पाठीशी आलं, हे फार झालं, पण बापाची जागा आपल्यापैकी कुणाला भरता येणार नाही. तुम्ही ऐकून घ्यायचात. एका माघात मला म्हणालात, चल, तुझ्या बापाकडं जाऊन येऊ. अंकुशला घेऊ का विचारलं, तर नको म्हणालात.

गुडघे दुखत होते तुमचे. तीन गाड्या बदलून आपण अण्णांच्या फडावर पोचलो तेव्हा दुपार टळली होती. आई मोळ्या बांधत होती. तुम्हाला बघून तिनं तोंडाला पदर लावला. अण्णा ऊस तोडत होते. विहीणबाई आल्या म्हणून त्यांनी कोयता खाली ठेवला, हात जोडले, तुम्हाला बसायला पाचट पसरलं, पाणी आणायला आईला पाठवलं. रीतीत कुठं कमी नाही. कशाला आलात, हे मात्र विचारलं नाही. त्यांना कळलं होतं.

तुम्ही म्हणालात, "व्याही, तुमचा लेक माझ्या घरी जेवतो. मला त्याचं काय जड न्हाई. पर जेवताना त्यो दाराकडं बघतो."

अण्णांनी कोयता उचलला आणि पुन्हा तोडायला लागले. आपण बसून राहिलो. बराच ऊस तोडून झाल्यावर, पाठमोरेच, ते म्हणाले, "काम करतो का?"

"करतो," तुम्ही म्हणालात.

बस. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, तुम्ही पुढं काही सांगितलं नाहीत. निघताना त्यांनी तुमच्यासाठी ऊस बांधून दिला, रस्त्यापर्यंत आणून सोडला.

येताना एसटीत आपण भांडलो. मी म्हणाले, एवढ्या लांब येऊन काय मिळवलं? अंकुशला आणून पुढ्यात उभा करायला पाहिजे होता, बाप कसा नाही बोलत ते बघितलं असतं. तुम्ही म्हणालात, "बापापुढं पोराला हुबा करायचं नसतं. बापानं यावं लागतं." मी म्हणाले, ते कधीच येणार नाहीत, मी त्यांची लेक आहे, मला माहीत आहे. तुम्ही म्हणालात, "इचारलं की न्हाई? काम करतो का, इचारलं. मेलेल्या माणसाबद्दल कुणी असं इचारतं का?" मी खिडकीकडं तोंड फिरवलं. मागच्या सीटवरची बाई आपल्याला ऊस मागत होती, तो तुम्ही सगळा वाटून टाकलात. त्यानंतरही हा विषय निघाला की तुम्ही "यील" म्हणायचात आणि मी "न्हाई" म्हणायची. तुम्ही गेलात त्या आठवड्यातही आपलं हेच झालं होतं.

आता ऐका.

तुम्ही गेल्याचा फोन मी आईला केला. मातीला येणं शक्यच नव्हतं, लांबचा पल्ला. दहाव्याला बघते म्हणाली. मी अण्णांचं विचारलं नाही. दहाव्याला सगळी भावकी नदीवर जमली. आम्ही बायका वरच्या अंगाला उभ्या होतो. यांचं डोकं भादरून झालं, बापूचं झालं. मग अंकुश जाऊन न्हाव्यापुढं बसला. त्याला कुणी बस म्हणालं नव्हतं. मी नको म्हणायला पुढं झाले, पण माझ्याच्यानं ते म्हणवेना. न्हाव्यानं त्याच्या डोक्याला पाणी लावलं. एवढ्यात भावकीतले बाहेरगावचे म्हातारे काका म्हणाले, "ए, थांब. कुणाचं पोरगं हे? बाप जिता असताना डोकं भादरत न्हाईत. ह्याचा बाप हाय का?"

न्हावी थांबला. वस्तरा तसाच हातात. सगळे अंकुशकडं बघत होते. त्याच्या कपाळावरून पाणी ओघळत होतं आणि तो वाळूकडं बघत होता. काय सांगणार तो? आहे म्हणावं तर कुठं आहे, आणि नाही म्हणावं तर जिवंत बापाबद्दल कसं म्हणावं.

माझ्या मागनं आवाज आला. "हाय. मी हाय ह्याचा बाप."

मी वळून बघितलं तर अण्णा. अंगात तोच फडावरचा सदरा, काखेत टॉवेल-टोप्यांची पिशवी, मागं आई. गाडीतून उतरून तसेच नदीवर आले होते. अण्णा बायकांच्या मधून वाट काढत खाली उतरले, न्हाव्याच्या हाताला हात लावून वस्तरा बाजूला केला, आणि आपल्या टॉवेलनं अंकुशचं डोकं पुसलं. लहान पोराचं पुसतात तसं, जोरात, कान धरून. अंकुश बसूनच राहिला. त्याच्या खांद्यांना काय होत होतं ते मला वरून दिसत होतं. अण्णा त्याच्याकडं न बघता पुसत राहिले, डोकं वाळून गेलं तरी.

मग पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला. लोकांना नवल वाटलं, मला वाटलं नाही. तुम्ही कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाहीत.

घरी येताना मी त्या दोघांच्या मागंच चालत होते. मला वाटलं, आता अण्णा काहीतरी मोठं बोलतील, इतक्या वर्षांचं. ते म्हणाले, "वेल्डिंग करताना डोळ्याला काच लावतो का?" तो म्हणाला, लावतो. "लावत जा," अण्णा म्हणाले. घर येईपर्यंत एवढंच.

तेव्हाच माझी मान हलकी झाली, आत्या. तुमच्यापुढं हरले म्हणून इतकं बरं वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. तुम्ही असतात तर एकदा तरी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या असत्या. त्या भुवया मला दिवसभर दिसत राहिल्या. मॅडम आल्या होत्या भेटायला, त्यांना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, आजींना सांगायला हवं होतं. मी म्हणाले, सांगते.

दुपारी पंगत बसली. हे आणि बापू, दोघांची डोकी गुळगुळीत, आणि मध्ये अंकुश, डोक्यावर सगळे केस. समोर अण्णा. मी वाढत वाढत आले आणि पाठीमागून जाताना अंकुशच्या केसांवरून सहज एकदा हात फिरवला. अण्णांचं लक्ष होतं. घास तोंडाजवळ थांबवून ते अंकुशला म्हणाले, "लई वाढलेत. तेरावं झालं की कापून घे."

"व्हय, अण्णा," तो म्हणाला, आणि जेवायला लागला.